टीपीएन बॅगेच्या नळीचा ल्युअर लॉक कनेक्टर: गळती, चिरा आणि स्टराइल करायची पद्धत

गोकुळशिरगाव_मोल्डिंग

नमस्कार मंडळी. रिकाम्या ईव्हीए (मऊ प्लास्टिक) बॅगेच्या नळीला लावायचा कनेक्टर काढायचा आहे. बॅग २ लिटरची, नळी पीव्हीसीची, बाहेरचा व्यास ४.१ मिमी. पेशंटच्या बाजूला मेल ल्युअर लॉक (आत शिरणारं निमुळतं टोक, भोवती आट्यांची कॉलर), बॅग भरायच्या बाजूला फीमेल (ते टोक घेणारं भोक), दोन्हींवर टोपी. ड्रॉइंगवर 'आयएसओ ८०३६९-७ प्रमाणे' (ल्युअरचं स्टँडर्ड) एवढंच लिहिलंय. बॅगेत शिरेतून द्यायचं पोषणद्रव (टीपीएन) भरणार, त्यात चरबीचं इमल्शन असतं.

चार कॅव्हिटीच्या (एका वेळी चार पीस देणाऱ्या) डायवर एबीएसचे नमुने काढले. अडचणी अशा:

मेलमध्ये कॅव्हिटी २ आणि ४ चेच पीस गळतात, १ आणि ३ चे ठीक. फीमेलला पंधरा दिवसांनी उभी चीर दिसते, ती नेहमी गेटच्या (प्लास्टिक आत शिरतं त्या जागेच्या) बरोबर समोरच्या बाजूला. नळी एमईके सॉल्व्हंटने चिकटवली आहे, त्यातल्या काही हाताने ओढल्या तरी निघतात.

मटेरियल बदलावं का? आणि शेवटी ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांना टाकून स्टराइल केलं तर चालेल का?

---

दाणेवाला

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करा, कारण बाकी सगळं त्यावर टांगलेलं आहे. १२१ अंशांना एबीएस तर टिकत नाहीच (साधारण १०० च्या आसपास मऊ पडतो), पण त्याआधी तुमची बॅगच बसेल. ईव्हीए त्याच्या कितीतरी खाली वितळतं. म्हणजे ऑटोक्लेव्ह बाद. राहिले दोन मार्ग: गॅमा किरणं किंवा ईटीओ (इथिलिन ऑक्साइड) गॅस. यातलं काय, हे ग्राहकाकडून लेखी घ्या. ते ठरल्याशिवाय मटेरियल ठरत नाही.

आता चीर. गेटच्या समोर चीर म्हणजे वेल्ड लाइन. प्लास्टिक कोअरला (आतलं भोक घडवणाऱ्या दांड्याला) दोन्ही बाजूंनी वळसा घालून समोर भेटतं, तिथला सांधा सगळ्यात कमजोर. फीमेलमध्ये मेल घट्ट बसला की तिची भिंत आतून बाहेर ताणली जाते, आणि तो ताण नेमका या सांध्यावर येतो. त्यात चरबीचं इमल्शन किंवा स्पिरिटचा बोळा लागला की चीर पडायला वेळ लागत नाही. याला स्ट्रेस क्रॅकिंग म्हणतात. ताण आणि रसायन एकत्र आले की होतं. कोरड्या टेस्टमध्ये दिसेलच असं नाही.

एबीएस आणि साधा पॉलिकार्बोनेट, दोन्ही चरबीपुढे हात टेकतात. पर्याय म्हणजे लिपिडला टिकणारा मेडिकल ग्रेडचा पॉलिकार्बोनेट किंवा को-पॉलिएस्टर. पॉलिप्रॉपिलीनला चरबीचं भय नाही, पण ते सॉल्व्हंटने चिकटत नाही आणि गॅमाने ठिसूळ होतं, तेही लगेच नाही, महिन्यांनी. अ‍ॅसिटल गॅमाच्या आसपासही फिरकू देऊ नका.

दाणे बदलले तरी डाय वाचू शकतो. एबीएस, पॉलिकार्बोनेट आणि को-पॉलिएस्टर तिघांचं आकुंचन साधारण अर्ध्या टक्क्याच्या आसपास, म्हणजे ४ मिमी व्यासावर सुमारे ०.०२ मिमी. पॉलिप्रॉपिलीनला दीड टक्का धरला तर ०.०६ मिमी. मेलच्या टोकापासून ०.७५ मिमीवर व्यास ३.९७० ते ४.०७२ मध्ये लागतो, म्हणजे एकूण सवलतच ०.१ मिमी. त्यातली निम्मी नुसत्या आकुंचनात गेली तर खेळायला काय उरलं? पीपीला वेगळा डाय, विषय संपला.

पॉलिकार्बोनेटवर गेलात तर ड्रायर गंभीरपणे घ्या. १२० अंशांना ३ ते ४ तास, ओलावा ०.०२ टक्क्याच्या खाली. कोल्हापुरातल्या जुलै-ऑगस्टमध्ये साध्या गरम हवेच्या हॉपर ड्रायरने हे होत नाही, कारण तो बाहेरची दमट हवाच गरम करून आत फुंकतो. डीह्यूमिडिफाइंग ड्रायर लागतो. ओले दाणे गेले की चंदेरी रेघा दिसतात त्या दिसतात, पण न दिसणारं नुकसान मोठं: साखळ्या तुटतात आणि पीस ठिसूळ होतो.

एक जाता जाता. नळी पीव्हीसीची आहे म्हणता, तर तिच्यात डीईएचपी (पीव्हीसी मऊ करणारं रसायन) आहे का विचारा. चरबी डीईएचपी ओढून घेते. टीओटीएमवाली (मऊ करणारं दुसरं रसायन) किंवा बिगर-डीईएचपी नळी घ्यायला सांगा.

---

कोअर_कॅव्हिटी

गळतीबद्दल लिहितो. चारपैकी ठराविक दोनच कॅव्हिटी गळतात म्हणजे दोष डायचा आहे, प्रोसेसचा नाही. प्रेशर आणि होल्डिंग टाइम फिरवत बसू नका.

मेलचा टेपर (निमुळता भाग) डायच्या दोन फाळक्यांत कापलाय का बघा. पार्टिंग लाइन (फाळके मिटतात ती रेघ) टेपरवरून गेली असेल तर ०.०१ मिमीचा फ्लॅशसुद्धा (फटीत शिरलेलं पातळ प्लास्टिक) हवेला वाट करून देतो, आणि दोन फाळके एकमेकांवर जरा सरकले की टेपर गोल राहत नाही. मेलचा टेपर एका अखंड गोल इन्सर्टमध्येच घडला पाहिजे, पार्टिंग लाइन कॉलरच्या मागे. फाउंड्रीच्या पॅटर्नला जी सवलत आपल्या उद्यमनगरात सहज धरतात ती इथे धरली की संपलं.

टेपर ६ टक्के, म्हणजे लांबीच्या १०० मिमीला व्यासात ६ मिमी फरक, एका बाजूला सुमारे १.७२ अंश. तो नुसता कोनाने मोजू नका, दोन ठिकाणी व्यास मोजून काढा. मोल्डिंगनंतर लगेच मोजलेलं माप धरू नका, २४ तासांनी मोजा. आणि स्टराइल झाल्यावर पुन्हा. हा दुसरा टप्पा बहुतेक ठिकाणी राहतोच.

फीमेलचा गेट हलवा. एका बाजूचा गेट ठेवलात तर वेल्ड लाइन पडणारच. ती घालवायची असेल तर वरून डायफ्राम गेट किंवा रिंग गेट, म्हणजे प्लास्टिक चहूबाजूंनी एकदम उतरतं. ते खर्चात बसत नसेल तर निदान मेल्टचं आणि मोल्डचं तापमान वाढवून सांधा नीट जुळू द्या, आणि त्याच्याजवळ हवा निघायला व्हेंट द्या. भिंत एकसारखी ठेवा. बाहेरून पकडीच्या रेघा द्यायच्या तर आतल्या टेपरवर सिंक मार्क (खळगा) येणार नाही एवढ्या बारीक. एका रेघेमागे सिंक आला की तिथून गळती, आणि नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाही.

कोअर स्टेनलेस कडक पोलादाचा, आरशासारखा पॉलिश. पीस अडकतो म्हणून सिलिकॉनचा स्प्रे मारायची सवय असेल तर ती आजच सोडा. स्प्रे मारलेला पीस चिकटवताना सॉल्व्हंट धरत नाही. तुमच्या निघणाऱ्या नळ्यांचं अर्धं कारण तिथेच असू शकतं.

---

गोकुळशिरगाव_मोल्डिंग

डाय उघडून बघितला. २ आणि ४ मध्ये पार्टिंग लाइन टेपरवरूनच गेलीय, १ आणि ३ मध्ये फक्त नशिबाने जुळलीय. स्प्रे मारत होतो, बंद केला. ग्राहक म्हणतो गॅमा. आता टोपीचं आणि चिकटवण्याचं सांगा. टेस्ट काय काय करायच्या?

---

गॅमा_की_ईटीओ

गॅमा म्हणजे टोपी घट्ट असली तरी चालते, किरणं आरपार जातात. ईटीओ असता तर दोन्ही टोकांना घट्ट टोप्या म्हणजे आतल्या नळीत गॅस पोचलाच नसता. तेव्हा टोपीच्या आत बारीक खाचा ठेवाव्या लागतात आणि जंतू अडवण्याचं काम बाहेरच्या पाऊचवर सोपवावं लागतं. पुढेमागे ग्राहक ईटीओवर गेला तर टोपीही बदलावी लागेल, हे त्याला आताच कळवा.

डोस किमान २५ किलोग्रे सांगतात, पण खोक्याच्या मधल्या आणि कडेच्या बॅगेला एकसारखा डोस मिळत नाही. कडेच्या मालाला ४० पर्यंत जाऊ शकतो. म्हणून मटेरियल २५ वर तपासून उपयोग नाही. वरच्या टोकाला, ४० ते ५० वर तपासा. पॉलिकार्बोनेट पिवळट होतो, त्यातला थोडा पिवळेपणा काही आठवड्यांत उतरतो. पिवळं दिसू नये म्हणून गॅमा ग्रेडमध्ये निळसर-जांभळी छटा दिलेली असते. महाराष्ट्रात ट्रॉम्बेला आयसोमेडचा प्लँट १९७४ पासून हेच काम करतोय, त्यामुळे मार्ग नवा नाही.

'स्टराइल कनेक्टर' म्हणजे फक्त किरणं मारलेला कनेक्टर नव्हे. जोडणीच्या क्षणी नर्सचं बोट द्रव वाहणाऱ्या जागेला लागू नये, हे डिझाइननेच बघायचं. मेलचं टोक कॉलरच्या बाहेर किमान २.१ मिमी यावंच लागतं, त्यामुळे ते कॉलरमध्ये लपवता येत नाही. म्हणून बोटं धरायची जागा मागे द्या, पंखासारखी. ओल्या ग्लोव्हने पकड बसली पाहिजे. टोपी लांब असावी, म्हणजे ती काढताना बोटं टोकाजवळ जाणार नाहीत.

आणि टोपी ६ टक्क्यांच्या टेपरवर बसवू नका! हे जवळजवळ सगळे करतात. टेपरवर दाबलेली टोपी गॅमात आणि गोदामातल्या उन्हाळ्यात हळूहळू आवळते आणि ऐन वेळी निघत नाही. मग कोणीतरी दातांनी काढतं. वर टेपरही ताणून ठेवते. टोपीचं सील कॉलरच्या बाहेरच्या काठावर घ्या. भरायच्या बाजूच्या फीमेलला बॅग भरल्यावर एकदा बसली की न निघणारी टोपी द्या, वॉर्डात कोणी त्यातून काही टोचायला नको.

किरणांवर सगळा भार टाकायचा नाही. सुरुवातीला पीसवर जंतू जितके कमी तितकं चांगलं. व्हीडीमॅक्स २५ ची पद्धत (२५ किलोग्रे डोस पुरतो हे सिद्ध करायची) वापरायची तर पीसमागे सरासरी बायोबर्डन (जिवंत जंतूंची संख्या) १००० च्या आत लागतो. आणि एंडोटॉक्सिन किरणांनी जात नाही. मेलेल्या जंतूंचा कचरा तसाच राहतो, त्यानेही ताप भरतो. म्हणून पीस नळाच्या पाण्याने धुऊ नका, गरजच पडू देऊ नका. मशीनच्या आसपास पुठ्ठ्याचे खोके नकोत, कॉम्प्रेसरच्या हवेत तेल नको. मोल्डिंगला आयएसओ ८, जोडणीला आयएसओ ७ वर्गाची स्वच्छ खोली असा बेत ठेवतात. शेजारी फाउंड्री असेल तर वाळूची धूळ प्री-फिल्टर किती लवकर चोंदवते ते पहिल्या महिन्यातच कळतं.

आणखी एक, हे आधीच विचारायला हवं होतं: हे द्रव नक्की शिरेतूनच ना? नाकातल्या नळीने द्यायचं अन्न असेल तर ल्युअर चालतच नाही. तिथे आयएसओ ८०३६९-३ चा वेगळा आकार आहे, तो मुद्दाम ल्युअरमध्ये बसत नाही असा केलाय. अन्न शिरेत जाणं म्हणजे माणूस जाणं.

---

नळीजोड

चिकटवण्याचं. पीव्हीसी नळी आणि पॉलिकार्बोनेटसाठी सायक्लोहेक्झानोन बरा. एमईके फार लवकर उडतो; नळी आत जाईपर्यंत पृष्ठभाग सुकलेला असतो. नळ्या निघण्याचं उरलेलं अर्धं कारण हे.

सॉकेटचं तोंड नळीपेक्षा जरा मोठं, तळ ०.०५ ते ०.१ मिमीने लहान. म्हणजे नळी सहज शिरते आणि तळाशी आवळते. सॉकेट सरळ भोकासारखं असेल तर सॉल्व्हंट धरतो, पण भिंतीशी दाबच येत नाही. खोली नळीच्या व्यासाच्या दीड-दोन पट. तळाशी पायरी द्या, नळी किती आत गेली ते बोटालाच कळतं.

नळीचं टोक सॉल्व्हंटमध्ये बुडवून थेंब लोंबकळत नेऊ नका. जास्तीचा थेंब सॉकेटच्या तळाशी साचतो, भोक अर्धं बुजवतो आणि पॉलिकार्बोनेटला जाळीसारख्या चिरा पाडतो. फेल्टच्या पॅडवर टोक टेकवायचं, आत सारून थोडं फिरवायचं, पाच सेकंद धरायचं. निदान २४ तास उघड्यावर सुकू द्या, मगच पाऊचमध्ये. पॉलिकार्बोनेटमध्ये आतला ताण उरला असेल तर सॉल्व्हंट लागताच चीर जाते. दोन पोलरॉइड काचांमध्ये पीस धरून बघा, गेटजवळ रंगाचे पट्टे दाट दिसले तर होल्डिंग प्रेशर कमी करा.

टेस्ट. नळीच्या जोडाला १५ न्यूटन, म्हणजे दीड किलो वजन टांगल्यासारखं, १५ सेकंद. ल्युअरसाठी रेफरन्स (स्टँडर्डच्या अचूक मापाचे) कनेक्टर विकत घ्या, आपलाच मेल आपल्याच फीमेलमध्ये घालून पास झाला तर त्याला अर्थ नाही. दोन्ही एकाच दिशेने चुकलेले असू शकतात. सुमारे २७ न्यूटन दाबून, ०.१२ न्यूटन-मीटरच्या आत पिळून जोडायचं. मग ३०० किलोपास्कलला ३० सेकंद गळती, ओढून सुटतो का ते ३५ न्यूटनला, उलट पिळून सुटतो का, आणि आटे चढून घसरतात का. चिरांसाठी जोडलेला तसाच ४८ तास ठेवून पुन्हा गळती. या ४८ तासांच्या टेस्टमध्ये स्टँडर्ड इमल्शन मागत नाही, पण तुम्ही एक बॅच २० टक्क्यांचं लिपिड इमल्शन भरून ठेवा आणि एक बॅच स्पिरिटच्या बोळ्याने पुसून. पहिल्या नमुन्यांतली चीर त्यातच दोन दिवसांत दिसली असती, पंधरा दिवस थांबावं लागलं नसतं.

गॅमा झालेल्या मालावर हे सगळं पुन्हा. आणि जुना करून पुन्हा: ५५ अंशांना साधारण ४० दिवस ठेवलं की २३ अंशांचं एक वर्ष धरतात. ईव्हीए बॅग ५५ ला चिकटत असेल तर तापमान उतरवा आणि दिवस वाढवा.

---

गोकुळशिरगाव_मोल्डिंग

नळीजोडसाहेब, आभार. सॉकेट आमचं सरळच आहे. इन्सर्ट बदलतोय, मेलचा टेपर अखंड करतोय, फीमेलला रिंग गेट. लायसन्सचं कोणी सांगेल का? नुसता कनेक्टर देणार आम्ही.

---

दाणेवाला

स्टराइल करून विकणाऱ्याचं लायसन्स बॅगवाल्याचं, मेडिकल डिव्हाइसेस रूल्स २०१७ खाली. उपकरणांचे ए आणि बी वर्ग राज्याकडे, सी आणि डी केंद्राकडे. तुम्ही पार्ट पुरवणारे, पण त्यांचा ऑडिटर तुमच्याकडे येणार. तो पहिल्यांदा दाण्यांच्या लॉटचं सर्टिफिकेट आणि रीग्राइंडचा (दळून परत वापरलेल्या प्लास्टिकचा) हिशेब मागेल. रनर (वाहिनीत उरलेलं प्लास्टिक) दळून परत हॉपरमध्ये टाकत असाल तर या कामासाठी तो क्रशर त्या मशीनपासून लांब न्या, म्हणजे रात्रपाळीत कोणी सवयीने टाकणार नाही.