ग्रीक-रोमन लेखन-वाचन: सातवीच्या मुलांना काय करायला देऊ?

निळी_शाई:
शाळेत इतिहासाचे दोन जादा तास मिळालेत. प्राचीन ग्रीक आणि रोमन मुलं लिहा-वाचायला कशी शिकत, हे सांगायचंय. नुसती चित्रं दाखवायची नाहीत, मुलांनी हाताने काही करावं असं वाटतं. काय सुचवाल? खर्च बेताचा हवा.

मोडीप्रेमी:
मेणपाटी करा. लाकडी फळीत उथळ खोलगा कोरून मेण ओतायचं. लेखणीचं एक टोक अणकुचीदार, दुसरं चपटं. एकाने कोरायचं, दुसऱ्याने मेण सपाट करून पुसायचं. आपली धूळपाटीच! रोमन शिक्षक क्विंटिलियन तर फळीवर अक्षरं कोरून त्या खाचांतून मुलांना गिरवायला लावा म्हणतो. मेण मात्र तुम्हीच वितळवा.

शिवाय एक परिच्छेद शब्दांत जागा न सोडता लिहून द्या. ग्रीक गुंडाळ्यांत असंच सलग लिहीत. मोठ्याने वाचल्याशिवाय उलगडत नाही, हे मुलांना आपोआप कळेल. मोडी वाचणाऱ्याला ते ओळखीचंच वाटेल.

रानवारा:
कुंभाराकडून फुटकी मडकी आणा. अथेन्समध्ये नकोशा पुढाऱ्याचं नाव खापरावर कोरून मत देत, ज्याच्या नावाची खापरं सर्वांत जास्त, तो दहा वर्षं हद्दपार. तिथल्या अक्रोपोलिस टेकडीच्या उत्तर उतारावरच्या एका विहिरीत थेमिस्टोक्लीस या पुढाऱ्याच्या नावाची १९० खापरं सापडली, तीही जेमतेम १४ हस्ताक्षरांत! बहुधा वाटण्यासाठी आधीच लिहून ठेवलेली.

पाटी_पेन्सिल:
ताई, लिहिता न येणाऱ्यांनाही तासात जागा द्या, बहुसंख्य लोक तेच होते. रोमन अमलातल्या इजिप्तमध्ये, इ.स. १८४ च्या सुमारास, पेताउस नावाचा ग्रामलेखक होता. पद लेखकाचं, पण त्याला स्वतःला धड लिहिता येत नव्हतं. सहीची ओळ त्याने बारा वेळा गिरवलेला पपायरस (लव्हाळ्यापासून केलेला कागद) मिळालाय. मध्येच शेवटच्या शब्दाचं पहिलं अक्षर सुटलं आणि पुढे शेवटपर्यंत तीच चूक उतरत गेली. तो वाचत नव्हता, वरची ओळ पाहून आकार काढत होता. हे वाचल्यापासून तो माणूस माझ्या मनातून जात नाही.

निळी_शाई:
मेणपाटी आणि पेताउस नक्की! मुलांना एक ग्रीक ओळ बारा वेळा उतरवायला देते. कुठली देऊ?

पाटी_पेन्सिल:
त्याचीच द्या. 'मी, ग्रामलेखक पेताउस, सादर केले आहे' एवढाच तिचा अर्थ. तो मात्र बारा ओळी झाल्यावर सांगा.