अन्नपाकिटं भरण्याचे कार्यक्रम: भूक भागते कुणाची?

सरळ_हिशेब:
आमच्या मंडळात पुन्हा ‘भूकमुक्ती’चा कार्यक्रम ठरतोय. डोक्याला जाळीच्या टोप्या घालायच्या आणि नरसाळ्यातून तांदूळ, सोया, सुकवलेल्या भाज्या, जीवनसत्त्वांची भुकटी असं एकेक पिशवीत सोडायचं. दोन तासांत पाकिटांची थप्पी, मग फोटो.

माझं म्हणणं एवढंच, की हे काम यंत्र जास्त वेगात आणि स्वस्तात करतं. त्याच पैशात ठोक धान्य घेऊन अन्नपेढीला, म्हणजे गरजूंसाठी धान्य गोळा करून वाटणाऱ्या संस्थेला द्या, नाहीतर गरजूंच्या हातात रोख द्या. १९४३च्या बंगालच्या दुष्काळाबद्दल अमर्त्य सेन यांनी १९८१ साली हेच मांडलं: अन्न होतं, ते मिळवण्याची ऐपत लोकांकडे उरली नव्हती. मग पाकिटं भरून आपण नेमकं काय सोडवतोय?

नरसाळेवाली:
अहो, तुमचा हिशेब कागदावर बरोबर आहे. पण कार्यक्रम रद्द केला तर तो पैसा अन्नपेढीला जाईल असं कुणी सांगितलं तुम्हाला? तो सहलीला जाईल. लोक हात लावतात तेव्हाच खिशातही हात घालतात.

आणि काम वाटतं तितकं लुटुपुटीचं नाही हो. मी पिशव्या सील करते. तोंडाशी तांदळाचा एक दाणा अडकला तरी चीर राहते, ओल शिरते आणि आख्खं पाकीट वाया जातं. काट्यावर वजन जास्त भरलं तर चमचाभर काढायचं, कमी भरलं तर घालायचं. शाळकरी पोरं हे किती मन लावून करतात ते एकदा येऊन बघा, मग बोला.

कडूगोळी:
रोख देऊ नका बुवा. पैसे दारूत जातात, सगळ्यांना माहीत आहे.

सरळ_हिशेब:
@कडूगोळी, ‘सगळ्यांना माहीत आहे’ हा पुरावा नव्हे. जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी २०१४ साली वेगवेगळ्या देशांतले अभ्यास एकत्र तपासले. रोख मदतीमुळे दारू-तंबाखूवरचा खर्च वाढतो असं त्यात दिसलं नाही. २०२०चं शांततेचं नोबेल मिळालेली संयुक्त राष्ट्रांची संस्था ‘जागतिक अन्न कार्यक्रम’ हीसुद्धा बाजार सुरू असेल तिथे रोख मदत देते. ते काय दारूला पैसे वाटतात?

पोचवणारा:
तुम्ही दोघं भरण्यावरच भांडताय. मी वाटपात असतो, तिथलं सांगतो.

या पाकिटाला पाणी लागतं, भांडं लागतं, इंधन लागतं आणि वीसेक मिनिटं उकळावं लागतं. उघड्यावर झोपणाऱ्याने ते कुठे शिजवायचं? त्याला गरम जेवणच हवं. आणि शिजलेल्या अन्नाचा व्याप वेगळा: वाटून होईपर्यंत ६० अंशांच्या वर ठेवा, बाहेर राहिलं तर दोन तासांच्या आत संपवा. ज्याच्या घरी चूल पेटते पण महिनाअखेरीला डबे रिकामे होतात, त्याला मात्र कोरडं पाकीट चालतं. टिकतं, रांगेत उभं न राहता घरी नेता येतं. रोखीचं म्हणाल तर जो आजारी आहे, जिना उतरू शकत नाही, त्याला नोटा देऊनही कुणीतरी आणून द्यावंच लागतं.

खरी बोंब पुढेच आहे. सुट्टीच्या दिवशी भरायला इतकी गर्दी, की टेबलाशी उभं राहायला जागा नसते. बुधवारी गाडी चालवायला माणूस विचाराल तर सगळ्यांचे फोन बंद. पाकिटं गोदामात पडून राहतात ती यामुळे.

नरसाळेवाली:
हे मान्य, दादा. पण गाडीवर येणारे लोक मिळतात कुठून? आमच्या टेबलावरूनच ना? तिथेच नावं लिहून घ्यायला तुम्ही कुणी उभं का राहत नाही?

पोचवणारा:
उभा राहीन की, ताई. पण एक अट: किती भरायची आणि काय भरायचं, ते आधी वाटपवाल्यांना विचारायचं. आत्ता उलटं चालतं. आधी भरता, मग फोन येतो, ‘एवढी आहेत, न्या.’

सरळ_हिशेब:
अट चांगली आहे, पण माझा प्रश्न तसाच राहिला. टोप्या, हॉलचं भाडं, ध्वनिक्षेपक आणि बॅनर यांचा खर्च कोणत्या खात्यातून जातो? देणगीतून जात असेल तर पावतीवर तसं छापा.