रेक आणि ट्रॅव्हल: मुलांच्या खेळातील दोन रांगा (अनुभव धागा)

रारिटनकाठ

गेल्या रविवारी गॅरेज आवरताना एका खोक्याच्या तळाशी पिवळी जर्सी सापडली. पाठीवर गावातल्या पिझ्झाच्या दुकानाचे नाव, पुढे ७ हा आकडा आणि बाहीवर संत्र्याच्या रसाचा कधीच न गेलेला डाग. माझा मुलगा आता कॉलेजात आहे. ही जर्सी तो नऊ वर्षांचा असतानाची आहे. ती हातात घेतल्यावर दहा वर्षांपूर्वीचा एक शनिवार जसाच्या तसा आठवला, म्हणून हा धागा काढते आहे.

न्यू जर्सीतल्या आमच्या गावात मुलांचा सॉकर दोन प्रकारचा असतो. 'रेक' म्हणजे नाव नोंदवले की संघ मिळतो, आईवडिलांपैकीच कोणीतरी प्रशिक्षक होते आणि शनिवारी सकाळी गावातल्याच मैदानावर सामना होतो. 'ट्रॅव्हल' म्हणजे निवड, पगारी प्रशिक्षक, आठवड्यातून तीनदा सराव आणि रविवारी तासभर गाडी चालवून परगावी सामना. माझा मुलगा आणि शेजारच्या घरातला त्याचा जिवलग मित्र तीन वर्षे रेकमध्ये एकत्र खेळले होते. मे महिन्यातल्या ट्रायआउटला, म्हणजे निवडचाचणीला, दोघे आमच्याच गाडीतून गेले आणि पाठीवर कागदी क्रमांक लावून तीन संध्याकाळी धावले. चौथ्या दिवशी ईमेल आला तो फक्त आमच्या घरी.

ट्रॅव्हलच्या मुलांना शनिवारी रेकमध्येही खेळण्याची आमच्याकडे मुभा होती. दोघांची ताटातूट होऊ नये म्हणून मी मुलाचे नाव तिथेही ठेवले, पण संघ वेगवेगळे आले. ऑक्टोबरमध्ये ते समोरासमोर उभे राहिले. माझ्या मुलाने सहा गोल केले आणि सगळे आपल्या मित्रावर, कारण त्या दिवशी गोलरक्षक व्हायला दुसरे कोणी तयार नव्हते. त्याची आई आणि मी शेजारी शेजारी घडीच्या खुर्च्या टाकून बसलो होतो. त्या दिवशी संत्री आणायची पाळी तिची होती आणि ती मांडीवरच्या डब्यात फोडी सोलून ठेवत होती. प्रत्येक गोलाला मी ओरडत होते. पाचव्या गोलानंतर तिने सोलणे थांबवले, डब्याचे झाकण लावले आणि सामना संपेपर्यंत दोन्ही हात त्या झाकणावर ठेवून ती समोर बघत राहिली.

सामना संपल्यावर दोन्ही संघ समोरासमोर रांगेत येतात आणि एकमेकांच्या हातावर हात मारत पुढे सरकतात. त्या रांगेत माझ्या मुलापाशी आल्यावर त्या मुलाने हात खाली घेतला. पुढच्या शनिवारी तो आला नाही आणि त्या वर्षानंतर त्याने सॉकर सोडला. आमचे शेजारधर्माचे सगळे व्यवहार चालू राहिले, पण त्या ओरडण्याबद्दल मी तिच्याशी कधीही बोलले नाही.

आपल्यापैकी अनेकांची मुले या दोन्हीपैकी एका बाजूला असतील. कृपया अनुभव लिहावेत.

शिट्टीवाला

मी कॅलिफोर्नियात अकरा वर्षे रेकचा स्वयंसेवक प्रशिक्षक आणि नंतर पंच होतो. आमची संघटना 'आयसो', म्हणजे अमेरिकन यूथ सॉकर ऑर्गनायझेशन. ती १९६४ साली याच राज्यातल्या टॉरन्समध्ये सुरू झाली. प्रत्येक मूल प्रत्येक सामन्यात किमान अर्धा वेळ खेळलेच पाहिजे आणि संघ समतोल असले पाहिजेत, ही तिची मूळ तत्त्वे आहेत. समतोल साधण्यासाठी आम्ही हंगामाच्या शेवटी प्रत्येक मुलाला १ ते ५ असे गुण देत असू आणि पुढच्या वर्षी त्या गुणांवरून संघ वाटत असू. आमच्या विभागात ट्रॅव्हल खेळणारे मूल आले की त्याला डोळे झाकून ५ गुण मिळत आणि एका संघात अशी दोनपेक्षा जास्त मुले ठेवली जात नसत. तुमच्या गावात अशी मर्यादा असती, तरी सहा गोल झालेच असते. एक मूलही तेवढे करू शकते.

माझ्या संघात एकदा अशीच एक दहा वर्षांची मुलगी होती. तिने फक्त डाव्या पायाने खेळायचे आणि पहिला गोल दुसऱ्या कोणीतरी करेपर्यंत स्वतः गोलवर फटका मारायचा नाही, असे मी तिला सांगितले. तिला ते कोडे आवडले आणि ती चेंडू देण्यात इतकी रमली, की आमच्या संघातल्या सर्वांत अबोल मुलीने त्या हंगामात दोन गोल केले. तिचे वडील मात्र तिसऱ्या सामन्यानंतर माझ्याकडे आले आणि म्हणाले, की तुम्ही माझ्या मुलीचा खेळ बिघडवत आहात. आम्ही पार्किंगमध्ये बराच वेळ बोललो. त्यांना ते पटले नाही आणि त्यांनी पुढच्या वर्षी तिचे नाव रेकमध्ये घातले नाही. तिने मला पाठवलेले आभाराचे पत्र अजून माझ्या कपाटाच्या दारावर आहे.

अबोली

रारिटनकाठ, तो डबा डोळ्यांसमोरून हलत नाही.

माझी मुलगी स्वतःच्या इच्छेने रेकमध्ये राहिली. सातवीत जेवणाच्या टेबलावर तिला "तू अजून रेकच खेळतेस?" असे विचारले गेले, ते तिने हसून सोडून दिले. त्यानंतर महिनाभराने मी फोनवर माझ्या बहिणीला "नाही गं, ती फक्त रेक खेळते" असे म्हणाले. मुलगी जिन्यात उभी होती. त्या 'फक्त'चा जाब तिने मला रात्री विचारला आणि माझ्यापाशी उत्तर नव्हते. तेव्हापासून मी तो शब्द वापरत नाही. "ती शनिवारी सॉकर खेळते" एवढे वाक्य पुरेसे असते.

दादरकर

धागा वाचताना सारखे वाटत होते, की यासाठी एक शब्द आपल्याकडे फार पूर्वीपासून आहे: लिंबूटिंबू. आमच्या चाळीत धाकट्या भावंडांना खेळात घ्यावेच लागे. लिंबूटिंबू बाद होत नसे, त्याला चेंडू हळू टाकला जाई आणि कधी कधी तो दोन्ही संघांकडून खेळे. मोठी मुले सामना जिंकण्यासाठीच खेळत, पण त्या चिमुरड्याला दिलेली सूट सर्वांना मान्य असे. आईने वरून हाक मारून "त्यालाही घ्या रे" म्हटले की विषय संपत असे.

मैदानावर मात्र ही सूट नव्हती. शालेय क्रिकेटच्या गाइल्स शील्डसाठी १४ वर्षांखालील आणि हॅरिस शील्डसाठी १६ वर्षांखालील शाळेचा संघ निवडला जाई, आणि नेटमध्ये ज्याला फलंदाजी मिळत नसे तो वर्षभर दुसऱ्यांचे चेंडू आणून देई. मी तसा एक वर्ष होतो. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणला प्रणव धनावडेने नाबाद १००९ धावा केल्या, तेव्हा सर्वांप्रमाणे मलाही आनंद झाला. त्या मुलाचा पराक्रम अस्सल होता. पण त्याच्या संघाने ३ बाद १४६५ धावा केल्या आणि समोरचा संघ ३१ आणि ५२ धावांत बाद झाला. अभ्यासामुळे त्या शाळेची मोठी मुले आली नव्हती आणि वयाने बरीच लहान मुले मैदानात उतरली होती, असे तेव्हा वर्तमानपत्रांत आले होते. दोन दिवस उन्हात सीमारेषेपलीकडून चेंडू आणणाऱ्या त्या मुलांपैकी किती जण पुढे खेळत राहिले असतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

चार_चाकांवर

ट्रॅव्हलच्या बाजूने लिहिणारे कोणी दिसले नाही, म्हणून मुलांच्या दोन शिकवण्यांमधल्या वेळात गाडीत बसून लिहिते आहे.

माझा मुलगा रेकमध्ये होता तेव्हा तीन गोल झाले की त्याला बाहेर बसवत. नियम न्याय्य होता हे मला समजते. आठ वर्षांच्या मुलाला मात्र एवढेच समजले, की चांगले खेळल्याची शिक्षा मिळते. एका सामन्यात त्याने रिकाम्या गोलसमोर चेंडू मुद्दाम बाहेर मारला आणि माझ्याकडे पाहिले. त्या दिवशी आम्ही ट्रॅव्हलचा निर्णय घेतला. तिथे त्याला त्याच्या तोडीची मुले मिळाली आणि तो पहिल्यांदा घामाघूम होऊन, हरून, आनंदात घरी आला.

त्यानंतरची वर्षे सोपी नव्हती. 'ए' संघातून तो 'बी' संघात गेला. रेकच्या वीसपट शुल्क भरून त्याला सत्तर मिनिटांच्या सामन्यात दहा मिनिटे मिळू लागली, कारण तिथे अर्ध्या वेळाचा नियम नसतो. रविवारची मराठी शाळा सुटली. मेच्या अखेरीस लांब सुटीत स्पर्धा, म्हणजे हॉटेल, म्हणजे धाकटीच्या वाढदिवसाचा केक हॉटेलच्या खोलीत. मंडळाच्या गणपतीत मला "तुम्ही आता मोठी माणसे, तुम्हाला वेळ कुठला" असे ऐकवले गेले आणि ते फार लागले. आम्ही कोणापेक्षा मोठे झालो नव्हतो. आम्ही त्या वेळी पेनसिल्व्हेनियातल्या एका ओल्या मैदानाच्या कडेला उभे होतो आणि आमचा मुलगा बाकावर बसला होता.

रारिटनकाठ, तुमच्या मुलालाही त्या सहा गोलांचे काही वाटले असेल. त्याचे काय झाले, हे तुम्ही लिहिले नाही.

दुसरा_अर्धा

मी गावाच्या क्लबच्या कार्यकारिणीवर चार वर्षे होतो, म्हणून हिशेबाची बाजू मांडतो. आमच्याकडे रेकची मुले ट्रॅव्हलच्या कितीतरी पट होती आणि मैदानाचे भाडे, चुना मारणे, जाळ्या हा सगळा खर्च मुख्यतः त्यांच्या नोंदणीतून निघे. तरीही दिवे असलेले कृत्रिम गवताचे मैदान संध्याकाळी ट्रॅव्हलला आणि शाळेमागचे खड्ड्यांचे मैदान रेकला, अशी वाटणी वर्षानुवर्षे चालत आली होती. ती बदलावी असा ठराव मी दोनदा मांडला आणि दोन्ही वेळा हरलो, कारण बैठकीला येणारे बहुतेक पालक ट्रॅव्हलचे असत. रेकचे पालक येत नसत, कारण त्यांना बोलावले जाते हेच त्यांना ठाऊक नव्हते.

दुसरे असे, की नऊ वर्षांच्या वयात सर्वांत तयारीची मुले निघून गेली, की रेकचा संघच विरतो. माझ्या मुलाच्या गटात एका वसंत ऋतूत सहा संघांचे तीन झाले. उरलेल्या मुलांना बघून शिकायला कोणी राहिले नाही.

मिशिगनमावशी

@दुसरा_अर्धा, आमच्या क्लबमध्ये अगदी हेच. मुलांच्या वयोगटांची विभागणीही पुन्हा बदलते आहे, हे पालकांनी लक्षात घ्यावे: २०१७ पर्यंत जन्मवर्षावर आलेले गट २०२६-२७ च्या हंगामापासून अनेक संघटनांत १ ऑगस्ट ते ३१ जुलै या जन्मतारखांप्रमाणे होत आहेत. माझा भाचा आणि त्याचा वर्गमित्र एका वर्गात असूनही केवळ जन्मवर्षामुळे वेगळ्या संघांत होते. ते आता एकत्र येतील. ऑगस्टपूर्वी कोणाचे गट बदलले असतील तर क्लबला विचारून घ्या.

ओस्लोची_आई

नॉर्वेत हा प्रश्न नियमांनी हाताळला आहे. मुलांच्या खेळासाठीचे नियम १९८७ मध्ये आले आणि २००७ मध्ये त्यांना बालहक्कांचे रूप मिळाले. माझी मुलगी लहान होती तेव्हा अकराव्या वर्षापर्यंत गुणतक्ता किंवा क्रमवारी प्रसिद्ध करता येत नसे आणि राष्ट्रीय अजिंक्यपद तेराव्या वर्षाआधी नसे. हा देश २०१८ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये ३९ पदके घेऊन पहिला आला, तेव्हा इथल्या पालकांनी या नियमांकडे अभिमानाने बोट दाखवले.

पण नियम आहे म्हणून पालकांचे मन बदलते असे नाही. चुरशीच्या सामन्यात चांगल्या मुलींनाच जास्त वेळ खेळवण्याला इथे 'टॉपिंग' म्हणतात आणि त्यावरून दर हंगामात वाद होतो. माझी मुलगी नऊ वर्षांची असताना हँडबॉलचा तक्ता कोठेही लावलेला नव्हता, आणि तरीही गाडीत बसताच तिने मला आपला संघ कितवा आहे ते अचूक सांगितले होते. फरक एवढाच, की तिच्या वर्गातल्या सगळ्या मुली तेव्हा खेळत होत्या, आणि त्यांतल्या बऱ्याच जणी चौदाव्या वर्षीही खेळत होत्या.

रारिटनकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. चार_चाकांवर, तुमचा प्रश्न वाचून मी काल रात्री मुलाला फोन केला. त्या सामन्यात तू किती गोल केलेस, असे विचारले तर त्याला आकडा सांगता आला नाही. तो म्हणाला, "मला आठवतं ते एवढंच, की त्याने हात खाली घेतला आणि मी तरीही माझा हात तसाच वर धरून पुढे गेलो." मग त्याने मला विचारले, की आई, मला तेव्हा बाहेर का नाही काढले? तुमच्या मुलाला जो नियम शिक्षेसारखा वाटला, तोच माझ्या मुलाला हवा होता.

जर्सीचा फोटो मी शेजारणीला पाठवला आणि त्यासोबत, दहा वर्षांनी, त्या दिवशीच्या ओरडण्याबद्दल क्षमा मागितली. तिचे उत्तर अजून आलेले नाही, पण आज सकाळी कचऱ्याचे डबे बाहेर ठेवताना ती कुंपणापाशी थांबली आणि आम्ही बराच वेळ उभ्या होतो.

नवी_खेळाडू

आमच्या गावी पुढच्या मंगळवारी ट्रायआउट आहे. माझी मुलगी आणि तिची मैत्रीण आमच्याच गाडीतून जाणार आहेत. यादी कोणत्या संध्याकाळी येणार हे क्लबने कळवले आहे. मी आजच मैत्रिणीच्या आईला फोन केला. त्या संध्याकाळी दोन्ही मुली आमच्याकडे जेवायला आहेत आणि ईमेल आम्ही दोघी आया, मुली झोपल्यावरच, उघडणार आहोत.