पैसे गेल्यावर पहिला फोन कुणाला केलात?

राजारामपुरी
माझ्या आत्यानं चार दिवस कुणालाच सांगितलं नाही, म्हणून हा धागा काढतेय. "आज रात्री साडेनऊला वीज तोडणार" असा मेसेज आला. तिनं त्यातल्या नंबरला फोन लावला, त्यानं सांगितलेलं ॲप घेतलं आणि तिच्या मोबाइलवरचं सगळं त्याला दिसायला लागलं. ३९ हजार गेले. मामा रागावतील म्हणून गप्प बसली बिचारी. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, लगेच फोन केला तर पैसे पुढच्या खात्यात असेपर्यंत अडवता येतात, तिथनं काढले की मग अवघड. तुमचं काय झालं? कळल्यावर किती वेळानं, कुणाला सांगितलंत? रक्कम नाही लिहिली तरी चालेल.

सुभाषनगर, चप्पल व्यवसाय
"मिलिटरी कॅन्टीनला ३० जोड पायजेत" म्हणून फोन आला. वर्दीतल्या माणसाचं ओळखपत्र पाठवलं. ॲडव्हान्ससाठी क्यूआर कोड दिला, म्हणाला, स्कॅन करून पिन टाका, जमा होतील. आधी ५ रुपयांवर करून बघितलं तर १० परत आले, तिथंच विश्वास बसला. पुढच्या कोडला १५ हजार गेले. थोरल्या पोरीनं दहा मिनिटांत १९३० लावला, यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा क्रमांक, सांगितला. ७ हजार समोरच्या खात्यात गोठले. ते हातात यायला मात्र कित्येक महिने गेले. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे आता दुकानातल्या कोडच्या वरच लिहून ठेवलंय.

गोकुळ शिरगाव एमआयडीसी
मित्राच्या नंबरवरनं लग्नपत्रिका आली. चहाच्या सुट्टीत उघडली. पत्रिका फोटो नाहीतर पीडीएफ असते, ही एपीके होती, म्हणजे ॲपच. त्यानं मेसेज वाचायची परवानगी घेतली, ओटीपी तिकडं जायला लागले. मी डेटा बंद केला, दुसऱ्याच्या फोनवरनं बँकेला सांगून खातं थांबवलं. पैसे वाचले. पण तीच पत्रिका माझ्या नंबरवरनं गावातल्या ग्रुपवर गेली होती, आणि लाजेपोटी मी कुणाला कळवलं नाही. साडूनं उघडली. त्याचे गेले.

ताराबाई पार्क, निवृत्त शिक्षिका
तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत, असं सांगून व्हिडिओ कॉलवर 'साहेब' आले. मागं पोलीस ठाण्यासारखी भिंत. कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, कुणाला सांगितलंत तर मुलालाही अटक. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी रेडिओवर डिजिटल अरेस्टबद्दल सांगितलं होतं, ते मी ऐकलेलं. अशी अटक कायद्यातच नाही, हेही माहीत होतं. त्या सहा तासांत त्यातलं काहीही आठवलं नाही. भीती काय करते ते तेव्हा कळलं. मी एफडी मोडायच्या तयारीत होते.
संध्याकाळी भांड्यांना येणारी बाई आली. मी हातानंच गप्प राहा म्हणून खुणावलं. ती सरळ आत आली, "काय झालंय बाई? रडताय का?" म्हणाली आणि मोबाइल पालथा घातला. मी तिला सगळं सांगितलं. ती पहिली. मुलाला रात्री फोन केला.

शाहूपुरी, बँकेत नोकरी
एक गोष्ट लोकांना सांगून सांगून थकलो, तरी सांगतो. रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम आहे. चूक तुमची नाही, बँकेचीही नाही, तिसऱ्याच ठिकाणी गडबड होऊन पैसे गेले, आणि बँकेकडून कळल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही तक्रार केलीत, तर तोटा तुमच्या माथी येत नाही. ओटीपी किंवा पिन स्वतः दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतर जाईल ते बँकेचं. म्हणून आधी कळवा, रडणं नंतर. आत्यांना उशीर झाला असला तरी तक्रार नोंदवाच, त्यांच्या खात्याची माहिती अजून त्या लोकांकडे आहे. ते ॲप काढलं का?

राजारामपुरी
नव्हतं काढलं. आत्ता काढलं, पासवर्ड आणि पिन बदलले. शिक्षिकाबाईंचा अनुभव तिला दोनदा वाचून दाखवला. मग तिनं स्वतःच मामांना हाक मारली. ते रागावले नाहीत. बँकेचं पासबुक आणि तो मेसेज घेऊन दोघं पोलीस ठाण्याकडे निघालेत.