मदत हवी आहे: नर्सेससाठी मराठीतून मन मोकळं करणारं लिखाण

नमस्कार मंडळी, मी ऐरोलीत राहते, ठाण्यात आयसीयूला स्टाफ नर्स आहे. आमच्या नवीन मुलींसाठी लिहायचा एक छोटा ग्रुप सुरू करायचाय, मराठीतूनच. नाइट संपवून हँडओव्हर दिला तरी व्हेंटिलेटरचा अलार्म ट्रेनमध्ये बसल्यावर पण कानात वाजत राहतो आणि घरी सांगायला जावं तर "अगं झोप आता" एवढंच, मग ते सगळं जायचं कुठे?

मी वाचलंय ते असं की अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी 1986 मध्ये अशा लिखाणावर प्रयोग छापला होता, रोज साधारण 15 मिनिटं, सलग 4 दिवस, मनाला लागलेल्या गोष्टीबद्दल न थांबता लिहायचं, शुद्धलेखन बघायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही. दुसरी ग्रॅहम गिब्ज यांची 1988 ची, घडलेल्या प्रसंगावर टप्प्याटप्प्याने विचार करायची पद्धत, नर्सिंगवाल्यांना माहीत असेल, काय घडलं, काय वाटलं, काय बरं-वाईट झालं, असं का झालं, अजून काय करता आलं असतं आणि पुढच्या वेळी काय करणार. कामाच्या दृष्टीने मला ही जास्त उपयोगी वाटते, पण ही वही इन्चार्जने तपासायची नाही यावर मी ठाम आहे, नाहीतर खरं कोण लिहिणार?

तर ठाणे, वाशी, कोपरखैरणे साइडला मराठीतून असं लिखाण घेणारं कुणी समुपदेशक माहीत आहे का? आणि लिहिता लिहिता एखादीला फारच त्रास व्हायला लागला तर तिथेच थांबवायचं की लिहू द्यायचं? अनुभव असलेल्यांनी प्लीज सांगा.