‘काउंटर’ला मराठी शब्द : रद्द, उतारा, काटशह की मोडता?

प्रश्न : ‘मॅजिक : द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळाचे नियम मी मराठीत लिहीत आहे. ‘काउंटरस्पेल’साठी, म्हणजे दुसऱ्याने टाकलेला मंत्र हाणून पाडणाऱ्या (‘काउंटर’ करणाऱ्या) पत्त्यासाठी, मी ‘मंत्र रद्द करणे’ असे लिहिले. परंतु मसुदा वाचून एका नवख्या खेळाडूने पटावर आधीच उतरलेला प्राणी ‘रद्द’ करू पाहिला. दोष शब्दाचा आहे का?

उत्तर : दोष शब्दाचाच आहे, असे माझे मत आहे. संमत झालेला ठरावही रद्द होतो, म्हणजे ‘रद्द’ या शब्दाला झालेली गोष्ट चालते. काउंटर करण्याची संधी मात्र मंत्र टाकल्यापासून तो फळेपर्यंतच, म्हणजे त्याचा परिणाम घडेपर्यंतच, असते. टाकलेला मंत्र आधी ‘स्टॅक’वर जातो (मी त्याला चळत म्हणतो, कारण नाण्यांच्या चळतीप्रमाणे येथेही शेवटी ठेवलेले आधी उचलले जाते), आणि सर्व खेळाडूंनी लागोपाठ, नवे काही न टाकता, आपली संधी सोडली तरच सर्वांत वरचा मंत्र फळतो. प्रत्युत्तरादाखल टाकलेला काउंटरस्पेल त्याच्यावर बसत असल्यामुळे आधी फळतो. खालचा मंत्र काहीही परिणाम न करता टाकाऊ ढिगात जातो आणि त्यासाठी खर्ची पडलेला ‘माना’ही (मंत्र टाकण्यासाठी लागणारी शक्ती) परत मिळत नाही. प्राण्याचा पत्ताही मंत्र म्हणूनच टाकला जातो, पण प्राणी एकदा पटावर आला की तो मंत्र उरतच नाही.

‘उतारा’ त्याच कारणाने बाद होतो, कारण उतारा विष भिनू लागल्यावर देतात. ‘काटशह’ वेळेच्या दृष्टीने अचूक आहे, पण त्यात उलट हल्ला अभिप्रेत असतो, तर काउंटरस्पेल केवळ अडवतो. मला ‘मोडता घालणे’ सर्वांत योग्य वाटते, कारण पार पडलेल्या कामात कोणी मोडता घालू शकत नाही. 1993 साली काउंटरस्पेलचा पत्ता प्रथम आला तेव्हा त्यावर प्रकार म्हणून ‘इंटरप्ट’ (मध्येच अडवणे) असेच छापलेले होते, म्हणजे मोडत्याची कल्पना मुळातच होती. 1999 मध्ये सहाव्या आवृत्तीच्या नियमांनी चळत आणली आणि इंटरप्ट हा वेगळा प्रकार ‘इन्स्टंट’ या तत्काळ टाकता येणाऱ्या मंत्रांच्या प्रकारात विलीन केला.

पुन्हा प्रश्न : मंत्राचे लक्ष्यच मध्येच नाहीसे झाले तर? तेथेही मोडता म्हणावे का?

उत्तर : नाही, तेथे ‘फिसकटणे’ हे अकर्मक क्रियापद वापरावे, कारण मोडता कोणीतरी घालतो, तर बेत आपोआपही फिसकटतो. 2018 पर्यंत नियमांच्या भाषेत असा मंत्रही ‘काउंटर’ झाला असेच म्हटले जाई. त्या वर्षीच्या बदलानंतर तो केवळ ‘फळत नाही’. मराठीत हा भेद आवर्जून पाळावा, कारण ज्या मंत्रात मोडता घालता येत नाही असे त्याच्या पत्त्यावरच लिहिलेले असते, तोही त्याची सर्व लक्ष्ये गेली तर फिसकटतोच.