६ इंची गो-टू (तारा निवडला की आपोआप तिकडे वळणाऱ्या) दुर्बिणीला घरी काय काय बनवावे? आधी काय?

मृगशीर्ष: नमस्कार मंडळी. माझ्याकडे ६ इंची श्मिट-कॅसेग्रेन (आत आरसे आणि पुढे काच असलेली आखूड दुर्बीण) आहे, संगणकीय माउंटसकट, म्हणजे मोटरवाल्या स्टँडसकट, सेकंडहँड घेतलेली. गेल्या अमावास्येला वांगणीला गेलो, तर साडेदहालाच पुढच्या काचेवर दव बसले आणि मृगातला तेजोमेघ म्हणजे नुसता धुरकट डाग. त्यात पेन्सिल सेल उतरले तसा माउंट सारखा रीसेट, की पुन्हा अलाइनमेंट (ओळखीचे तारे दाखवून दिशा जुळवणे) पहिल्यापासून. सोल्डरिंग येते, अर्डुइनोवर (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड) थोडेफार काम केले आहे. डोक्यात तीन गोष्टी आहेत: दवासाठी हीटर, मोटरवाला फोकसर आणि मोबाइलवरून दुर्बीण फिरवायला वायफाय. बजेट तीनेक हजार. सुरुवात कशापासून करू?

अर्धाओहम: हीटर, यात वादच नाही. पण त्याच्याही आधी जुनी योगा मॅट कापून काचेपुढे नळकांडे करा, व्यासाच्या दीडपट लांब. निरभ्र रात्री काच आपली उष्णता आकाशाकडे टाकत राहते आणि हवेपेक्षाही गार होते, म्हणून दव तिच्यावर बसते. नळकांड्यामुळे तिच्यासमोरचे आकाश कमी होते. दमट रात्री तेवढ्याने भागत नाही, मग हीटर.

मी केला तो असा: ४७० ओहमचे अर्ध्या वॉटचे २० रेझिस्टर, सगळे समांतर. १२ व्होल्टला प्रत्येकी ०.३ वॉट, म्हणजे एकूण सहा वॉट आणि अर्धा अँपिअर. तांब्याच्या दोन तारांची शिडी, रेझिस्टर म्हणजे तिच्या पायऱ्या. वर उष्णता सोसणारी टेप, बाहेरून वेल्क्रो. पट्टा नळीवर, काचेच्या कडेला लागून. काच दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला दव धरते त्यापेक्षा) दोनेक अंश वर राहिली तरी पुरे. जास्त तापवलीत तर गुरू उकळत्या पाण्यात टाकल्यासारखा दिसतो, म्हणून अर्डुइनो नॅनोच्या पीडब्ल्यूएमने (झपाट्याने चालू-बंद करून) ताब्यात ठेवा.

स्वाती_१५: दादा, रीसेटचे आधी बघा. मोटर वेगात फिरताना करंट खेचते, सेलचे व्होल्टेज बसते आणि कंट्रोलर बंद पडून चालू होतो. यात हीटरची भर घातलीत तर झालेच कल्याण! यूपीएसची ७ एएच (अँपिअर-तास) बॅटरी लोक सुचवतील, पण लेड-अ‍ॅसिड निम्मीच वापरावी. माउंटला एक अँपिअर आणि हीटरला अर्धा धरला तर सव्वादोन तासांत खेळ खलास. लिथियम आयर्न फॉस्फेटची १२ एएच घ्या, बजेट बहुतेक तिथेच संपेल. प्लसच्या टोकाला फ्यूज हवाच, आणि वायर जाड. माझी पहिली वायर स्पीकरची होती, पाच मीटर. बॅटरी ठणठणीत असूनही रीसेट व्हायचा.

धूमकेतू: वायफायचे सांगतो. हँड कंट्रोलच्या (हातातल्या रिमोटच्या) तळाला काय आहे? मिनी यूएसबी असेल तर लॅपटॉपसाठी काही बनवायचेच नाही.

मृगशीर्ष: नाही, लँडलाइनच्या रिसीव्हरला असतो तसला छोटा जॅक आहे. नेक्सस्टार (सेलेस्ट्रॉन कंपनीच्या दुर्बिणी) पद्धतीचा कंट्रोल.

धूमकेतू: मग तो आरएस-२३२, म्हणजे जुन्या पद्धतीचा सीरियल पोर्ट, वेग ९६०० बॉड. तीनच तारा: पाठवायची, घ्यायची, ग्राउंड. रिसीव्हरची गुंडाळीची वायर कापून वापरता येते, पण तिच्या दोन टोकांना रंगांचा क्रम बहुधा उलटा असतो, तेव्हा मल्टीमीटर लावल्याशिवाय जोडू नका. वायफायसाठी ईएसपी३२ (वायफायवाला छोटा बोर्ड) वापराल, तर मध्ये मॅक्स३२३२ (व्होल्टेज जुळवणारी चिप) लागतोच. ईएसपी ३.३ व्होल्टचा आणि आरएस-२३२ उणे व्होल्टेजपर्यंत जातो. माझा एक ईएसपी असाच गेला, कारण 'एकदा लावून तर बघू'. हँड कंट्रोल माउंटला जिथे लागतो तिथे मात्र काही खुपसू नका, त्या पोर्टवर १२ व्होल्ट असतात. केबल झाली की लॅपटॉपच्या टर्मिनलवरून कॅपिटल 'के' आणि मागोमाग कुठलेही एक अक्षर पाठवा. तेच अक्षर पुढे हॅश लावून परत आले की जिंकलात.

फोकसर सध्या सोडा. फोटो काढायला लागाल तेव्हा बघू.

मृगशीर्ष: पटले. नळकांडे, बॅटरी, हीटर, मग केबल. एक शंका: हीटर चालू-बंद करायला घरात आयआरएफझेड४४एन मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) पडलेत, चालतील का?

अर्धाओहम: एका पट्ट्याला निभेल. पण गेटला (चालू करायच्या टोकाला) नॅनोचे पाचच व्होल्ट मिळाले तर तो पूर्ण उघडेलच असे नाही, दुसरा पट्टा जोडलात की तापेल. पुण्याच्या तापकीर गल्लीत आयआरएलझेड४४एन मागा, एफच्या जागी एल. 'सेमच आहे साहेब' म्हणत एफवाला पुढे केला तर घेऊ नका. आणि गेटपासून ग्राउंडला १० के (दहा हजार ओहम) रेझिस्टर टाका, नाहीतर नॅनो सुरू होईपर्यंत हीटर मनाला येईल तसा वागतो.